ब्रॉन्कोस्कोपीसाठी सिडेशनची कॉम्बिनेशन्स एकमेकांशी कशी ताडून बघायची

ब्रॉन्कोस्कोपीला, म्हणजे स्कोप घालून श्वासनलिका आतून बघताना, पेशंटला सिडेशन (गुंगी) द्यायला मिडाझोलाम-फेंटानिल चांगलं की डेक्स (डेक्समेडेटोमिडीन) चांगलं, की सरळ प्रोपोफॉल? चेस्ट मेडिसिन आणि अनेस्थेशिया दोन्हीकडचे रेसिडेंट हे विचारतात, आणि दरवेळी मी उलट विचारतो की कुठल्या प्रोसिजरला, कुठल्या पेशंटला, आणि रूममध्ये मॉनिटरकडे बघणारं माणूस कोण आहे. हे तीन ठरल्याशिवाय दोन औषधांची तुलना होऊच शकत नाही. हे लिहितोय ते रेसिडेंटसाठी आणि लहान सेंटरला ब्रॉन्कोची लिस्ट चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी. पेशंट किंवा नातेवाईक वाचत असाल तर जरूर वाचा, पण यातले डोस तुमच्या डॉक्टरांच्या निर्णयाला पर्याय नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीत आपण भूल देणारे आणि पल्मोनॉलॉजिस्ट एकाच नळीत काम करत असतो. साधारण ५-६ मिलिमीटर जाडीचा स्कोप श्वासनलिकेत असतो, वरून सक्शन चालू असतं आणि ते स्रावाबरोबर हवाही ओढून घेतं, लॅव्हाजला (आत धुऊन नमुना घेताना) सलाइन आत जातं, म्हणजे एक थेंबही सिडेशन न देता सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) खाली येऊ शकतं. त्यामुळे "या कॉम्बिनेशनने सॅच्युरेशन ८६ ला आलं" असं कोणी म्हणालं की आधी विचारायचं त्या क्षणी चाललं काय होतं. लॅव्हाजच्या वेळी पडलं आणि स्कोप जरा मागे घेतल्यावर लगेच वर आलं तर दोष औषधाचा नाही. स्कोप बाहेर काढल्यावरही छाती हलत नसेल, कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची) लाइन सपाट झाली असेल, तर मात्र ते औषधाचं काम. हा फरक चार्टवर लिहिला नाही तर महिन्याभराने मागे वळून बघताना सगळे हायपॉक्सिया (ऑक्सिजन कमी पडणं) एकाच टोपलीत पडतात.

दुसरं, लिग्नोकेन, म्हणजे घसा आणि श्वासनलिका बधिर करणारं औषध. माझं स्पष्ट मत आहे की ब्रॉन्कोतल्या सिडेशनच्या अर्ध्या तक्रारी खरं तर टॉपिकलच्या, म्हणजे वरून लावून बधिर करण्याच्या, तक्रारी असतात. घसा आणि व्होकल कॉर्ड (स्वरतंतू) नीट बधिर नाहीत म्हणून पेशंट खोकतो, खोकतो म्हणून अजून १ मिलिग्रॅम मिडाझ जातं, तरी खोकतो कारण मिडाझोलामने खोकला थांबतच नाही, मग अजून जातं, आणि स्कोप बाहेर आल्यावर, खोकल्याची उत्तेजना संपल्यावर, तो गाढ झोपतो आणि श्वास मंदावतो. म्हणून दोन कॉम्बिनेशन्स ताडताना दोन्हीकडे लिग्नोकेन सारखंच, त्याच पद्धतीने आणि मोजून दिलं पाहिजे, नाहीतर तुम्ही औषधांची नाही तर स्प्रे मारणाऱ्या हातांची तुलना करताय.

मोजायचं कसं ते बघा. १० टक्के स्प्रेच्या एका पफमध्ये १० मिलिग्रॅम, २ टक्के जेलीच्या एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम, २ टक्के सोल्युशनच्या एमएलमध्येही २० आणि ४ टक्क्यामध्ये ४०. कमाल मर्यादा ब्रिटिश गाइडलाइनमध्ये २००१ साली किलोमागे ८.२ मिलिग्रॅम होती, अमेरिकन चेस्ट फिजिशियन्सच्या २०११ च्या निवेदनात ७. समजा ५० किलोचा पेशंट, ७ धरले तर ३५० मिलिग्रॅम. आता १० पफ म्हणजे १००, नाकात ५ एमएल जेली म्हणजे १००, आणि आत जाताजाता २ टक्क्याचे २-२ एमएल पाच वेळा म्हणजे २००. झाले ४००, मर्यादा ओलांडली, आणि कोणाला कळलंही नाही कारण जेली कोणी मोजतच नाही. हेच आतमध्ये १ टक्का वापरलं तर एकूण ३०० मध्ये भागतं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये ५०० पेशंटवर केलेली ट्रायल २०१५ मध्ये छापून आली, त्यात स्प्रे-अॅज-यू-गो (स्कोप पुढे नेता नेता फवारण्याच्या) पद्धतीने १ टक्का दिलेल्यांचा आणि २ टक्के दिलेल्यांचा खोकला सारखाच निघाला, मग दुप्पट द्यायचं कशाला? लिव्हर किंवा हार्ट फेल्युअर असेल तर अजून हात आखडता. आणि लक्षात ठेवा की मिडाझोलाम दिलेला पेशंट ओठ बधिर झाले, तोंडाला धातूसारखी चव आली हे सांगणार नाही, त्याची टॉक्सिसिटी थेट फिटनेच कळू शकते. २० टक्के लिपिड इमल्शन कुठल्या कपाटात आहे ते लिस्ट सुरू व्हायच्या आधी माहीत पाहिजे (प्रोपोफॉलमध्ये लिपिड असतं म्हणून ते त्याच्या जागी चालत नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण व्हायव्हाला हे उत्तर ऐकलंय).

आता औषधं. ब्रॉन्कोला चार गोष्टी हव्या असतात: भीती कमी होणं, खोकला दबणं, नंतर फारसं न आठवणं आणि श्वास चालू राहणं. एकही औषध चारही कामं करत नाही, म्हणून तर कॉम्बिनेशन. कुठलंही कॉम्बिनेशन समोर आलं की विचारायचं, यातलं कोण काय करतंय आणि चौथ्या कामाची किंमत कितीने मोजतंय.

मिडाझोलाम अधिक फेंटानिल ही जुनी, सगळीकडे चालणारी जोडी. मिडाझ भीती घालवतं आणि आठवण पुसतं, फेंटानिल खोकला दाबतं, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे दोघांनाही उतारा आहे, फ्लुमाझेनिल आणि नालोक्झोन. धोका असा की दोघं मिळून श्वासावर जो परिणाम करतात तो बेरजेपेक्षा जास्त असतो. १९९० मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर केलेला एक अभ्यास मी प्रत्येक बॅचला सांगतो: नुसत्या मिडाझोलामने (किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम) कोणालाही हायपॉक्सिया झाला नाही, नुसत्या फेंटानिलने (किलोमागे २ मायक्रोग्रॅम) १२ पैकी ६ जणांना झाला, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर १२ पैकी ११ जणांना, वर ६ जणांचा श्वासच थांबला. हे धडधाकट लोक होते, हवेवर होते, त्यांच्या नळीत स्कोपही नव्हता. आपल्या पेशंटचं एक फुफ्फुस आधीच गेलेलं असतं.

म्हणून या जोडीत क्रम आणि थांबणं महत्त्वाचं. आधी फेंटानिल, २५ ते ५० मायक्रोग्रॅम, सावकाश, कारण झटकन दिलं तर त्यानेच खोकला येतो. दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग मिडाझोलाम १ मिलिग्रॅम, वयस्कर किंवा बारीक पेशंटला अर्धा, आणि परत पूर्ण तीन ते पाच मिनिटं घड्याळ बघून थांबायचं. स्कोप हातात घेऊन उभे असलेले सर "अजून द्या" म्हणाले तरी थांबायचं. मिडाझोलामचा पूर्ण परिणाम यायला ३ ते ५ मिनिटं लागतात, ती न थांबता दिलेला प्रत्येक डोस एकावर एक साचतो. आणि व्हायल वाचा, आपल्याकडे एमएलला १ मिलिग्रॅम आणि एमएलला ५ मिलिग्रॅम अशी दोन्ही मिळतात, दिसायलाही सारखीच. ब्रॉन्को रूममध्ये फक्त १ वालीच ठेवायची, ५ वाली तिथे असायचं काही कारणच नाही. फेंटानिलचा २ एमएलचा अँप्यूल म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, तो १० एमएल करून घेतला की एमएलला १० होतं, हिशोब सोपा आणि हात हलका राहतो.

इथे एक गोष्ट आपल्या पेशंटसाठी खास. ब्रॉन्कोला येणाऱ्यांत टीबीचे आणि फंगसचे पेशंट भरपूर असतात. मिडाझोलाम आणि फेंटानिल दोन्ही लिव्हरमधल्या एकाच एन्झाइमने, सीवायपी ३ए४ ने मोडतात. रिफॅम्पिसिन ते एन्झाइम वाढवतं म्हणजे औषध लवकर उतरतं, उलट इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन ते दाबतात म्हणजे तोच डोस जास्त वेळ आणि जास्त जोरात चालतो. एबीपीएसाठी (फुफ्फुसातली फंगसची अॅलर्जी) महिनोन्महिने इट्राकोनाझोल घेणारा दम्याचा पेशंट आणि टीबीच्या कोर्सवर असलेला पेशंट, दोघांना सारखाच डोस देऊन "या कॉम्बिनेशनचा काही भरवसा नाही" म्हणणं बरोबर नाही. गोळ्यांची पिशवी उघडून बघा. रोज अल्प्राझोलाम घेतो का, दारू किती, हेही नातेवाईक बाहेर गेल्यावर विचारा, खरं उत्तर तेव्हाच मिळतं.

प्रोपोफॉल अधिक थोडंसं फेंटानिल. याने काम सुंदर होतं, अर्ध्या-एक मिनिटात झोप आणि बंद केलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस बोलायला लागतो. पण त्याला उतारा नाही, बीपी पडतं, आणि मध्यम सिडेशनपासून पूर्ण भुलीपर्यंतची मजल पेशंट एका बोलसमध्ये (एकदम दिलेल्या डोसमध्ये) गाठतो. त्यामुळे हे वेगळा भूलतज्ज्ञ डोक्याशी उभा असेल तरच, स्कोप करणाऱ्याने एका हाताने सिरिंज ढकलायची नाही, यात माझ्याकडून सूट नाही. १० ते २० मिलिग्रॅमचे छोटे बोलस किंवा इन्फ्युजन, ६० किलोला मिनिटाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅम म्हणजे पंपावर तासाला १८ एमएल. प्रोपोफॉल स्वतः वेदनाशामक नाही, आणि हलक्या डोसमध्ये खोकला पुरेसा दाबत नाही, म्हणून फेंटानिल जोडीला. उघडलेली व्हायल पुढच्या पेशंटला वापरायची नाही, लिपिडमध्ये जंतू फार लवकर वाढतात.

डेक्समेडेटोमिडीन. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे डेक्सची खूप चलती आहे आणि त्याला कारणही आहे, श्वास चालू राहतो, पेशंट हाक मारली की डोळे उघडतो आणि परत मिटतो. ज्याचा कार्बन डायऑक्साइड आधीच चढलेला आहे अशा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या) माणसाला किंवा घोरणाऱ्या, जाड मानेच्या माणसाला मी पहिला विचार याचाच करतो. पण किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. लोडिंगला (सुरुवातीच्या मोठ्या डोसला) १० मिनिटं जातात, नाडी ४५ वर येते, बीपी आधी चढतं मग पडतं, आठवण तितकी पुसली जात नाही, आणि रिकव्हरीत पेशंट तासभर सुस्त पडून असतो. हार्ट ब्लॉक असेल, बीटा ब्लॉकर आणि डिगॉक्सिन दोन्ही चालू असेल तर दुसरं काहीतरी निवडा. आणि डेक्स एकटं खोकल्याला पुरत नाही, त्यामुळे टॉपिकल उत्तम हवं किंवा २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल सोबत हवं. फेंटानिल घातलं की "श्वास सुरक्षित" हे वाक्य जरा सैल होतं, हेही तुलना करताना धरायचं.

पंपाचं गणित इथे लिहून ठेवतो, कारण घोळ इथेच होतो. २०० मायक्रोग्रॅम ५० एमएलमध्ये, म्हणजे एमएलला ४. ६० किलोच्या पेशंटला किलोमागे १ मायक्रोग्रॅम लोडिंग म्हणजे ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ एमएल, ते १० मिनिटांत द्यायचं म्हणजे पंपाचा रेट तासाला ९०. लोडिंग संपल्यावर मेंटेनन्स तासाला किलोमागे ०.५, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ७.५ एमएल. ९० वरून ७.५ वर आणायला विसरलं की पेशंट बारापट रेटवर चालू राहतो. म्हणून लोडिंगला पंपावर व्हॉल्यूम लिमिट १५ लावा, पंप आपोआप थांबेल आणि ओरडेल. वयस्कर माणसाला लोडिंग निम्मं करा.

केटामाइनबद्दल थोडक्यात. श्वास राखतं, श्वासनलिका सैल करतं, बीपी टिकवतं, दम्याच्या किंवा बीपी कमी असलेल्या पेशंटला किलोमागे ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम उपयोगी पडतं. पण लाळ वाढते आणि स्कोपच्या काचेवर स्राव दिसला की पल्मोनॉलॉजिस्ट वैतागतो. मिडाझचा छोटा डोस बरोबर असेल तर उठतानाचं बरळणं कमी होतं.

रेमिमाझोलाम हे नवं बेंझो, अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, टिश्यूमधल्या एस्टरेजने मोडतं म्हणून पटकन उतरतं आणि फ्लुमाझेनिलने उलटवताही येतं. याची ब्रॉन्कोस्कोपीतली मोठी ट्रायल २०१९ मध्ये छापली आणि पेपर कसा वाचायचा हे शिकवायला मला तीच आवडते. यश किती? रेमिमाझोलाम ८०.६ टक्के, प्लासिबो ४.८ टक्के, मिडाझोलाम ३२.९ टक्के. हे आकडे वाचून वाटतं मिडाझोलाम निकामीच. पण "यश" म्हणजे काय ठरवलं होतं ते बघा: प्रोसिजर पूर्ण व्हायची, रेस्क्यू औषध लागायचं नाही, आणि ठराविक वेळेत ठराविकच डोस, म्हणजे रेमिमाझोलामला कुठल्याही १५ मिनिटांत ५ पर्यंत आणि मिडाझोलामला १२ मिनिटांत ३ पर्यंत. मिडाझोलामचा गट ओपन-लेबल होता, म्हणजे देणाऱ्याला माहीत होतं काय देतोय. सगळ्या गटांना फेंटानिलही होतं. १२ मिनिटांत मिडाझोलामचा चौथा डोस लागला की तो पेशंट "अपयश", मग त्याची ब्रॉन्को छान का पार पडली असेना. रेमिमाझोलाम लवकर चढतं आणि लवकर उतरतं हे खरंच, पण आपल्या रूममध्ये मिडाझ तीनपैकी दोघांना फेल जातं असा अर्थ यातून निघत नाही.

म्हणून कुठलाही तुलनेचा पेपर हातात आला की आधी निष्कर्ष वाचू नका, मेथड्स उघडा. हायपॉक्सिया म्हणजे किती टक्क्याखाली आणि किती सेकंद? ऑक्सिजन नाकाने २ लिटर होता की हाय फ्लो? लिग्नोकेनची एकूण मात्रा दोन्ही गटांची छापली आहे का? झोपेची खोली दोन्हीकडे सारखी होती का, कारण एका गटाला हलकं आणि दुसऱ्याला गाढ झोपवलं तर हलक्याचा श्वास चांगला राहणारच, त्यात औषधाचं कौतुक काय. ब्लाइंडिंगच्या दाव्यावरही जरा शंका घ्या, प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं असतं आणि डेक्सची नाडी मॉनिटरवर सगळ्यांना दिसते. आणि "पेशंट सॅटिस्फॅक्शन" कधी विचारलं, मिडाझच्या अंमलात की दुसऱ्या दिवशी?

गाढ झोप म्हणजे चांगलं सॅम्पल असंही धरून चालू नका. इबस-टीबीएनएवर (स्कोपच्या टोकाच्या अल्ट्रासाउंडने बघत सुईने नमुना घेणं) २०१५ मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये १४९ पेशंट होते, अर्ध्यांना जनरल अनेस्थेशिया आणि अर्ध्यांना मध्यम सिडेशन, निदान होण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आलं. फरक एवढाच की जनरलमधल्या सगळ्यांच्या प्रोसिजर पूर्ण झाल्या आणि मध्यमवाल्यांतल्या ५ जणांच्या अर्धवट सोडाव्या लागल्या. ज्या गावात भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतो तिथे ही माहिती मोलाची आहे.

आता स्वतःच्या लिस्टवर तुलना करायची असेल तर. नव्या पेशंटवर नवं औषध "ट्राय" करणं म्हणजे तुलना नव्हे, आणि पेशंट कुठल्या गटात जाणार हे तुम्ही नाणेफेकीने ठरवणार असाल तर तो अभ्यास झाला, एथिक्स कमिटी आणि संमती दोन्ही लागणार. पण जे रोज देताच आहात त्याचं ऑडिट नीट ठेवायला काही अडचण नाही. एकच पान करा. वय, वजन, प्रोसिजर, चालू गोळ्या. लिग्नोकेनची एकूण मात्रा मिलिग्रॅममध्ये, एमएलमध्ये नाही. प्रत्येक डोस आणि त्याची वेळ. दर ५ मिनिटांनी सिडेशनचा स्कोअर, मी एमओएए-एस (पेशंट किती जागा आहे याची मोजपट्टी) वापरतो, त्यात ५ म्हणजे साध्या हाकेला नीट उत्तर, ३ म्हणजे मोठ्याने किंवा परत परत हाक मारल्यावर, १ म्हणजे खांद्याचा स्नायू दाबल्यावरच. बहुतेक ब्रॉन्कोला ३ पुरतो. सॅच्युरेशन सगळ्यात कमी किती, किती सेकंद, आणि त्यासाठी काय केलं: नुसती हाक, जबडा उचलला, स्कोप काढला की बॅग-मास्क. हा शेवटचा कॉलम सगळ्यात बोलका असतो, कारण ८८ टक्के दोघांचं सारखं दिसतं पण एक हाकेने सुधारला आणि दुसऱ्याला बॅग मारावी लागली. कॅप्नोग्राफ असेल तर लावाच, ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटचा श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा बराच वेळ ९८ दाखवत राहतो. कॅप्नोग्राफची ट्यूब स्कोप नसलेल्या नाकपुडीत लावायची.

निवड करताना माझा हात साधारण असा जातो. दहा मिनिटांचा लॅव्हाज, पेशंट समजूतदार, तर फक्त टॉपिकल आणि हाताला धरून बोलणारी सिस्टर, आपल्याकडे कितीतरी ठिकाणी हेच चालतं आणि नीट होतं. घाबरलेला पण बाकी ठीक असा पेशंट, फेंटानिल आणि मिडाझ. आयएलडीमध्ये (फुफ्फुसाच्या जाळीचा आजार) ट्रान्सब्रॉन्कियल बायोप्सी (स्कोपमधून फुफ्फुसाचा तुकडा घेणं) असेल तर खोकला दबणं सगळ्यात महत्त्वाचं, चुकीच्या क्षणी खोकला म्हणजे न्यूमोथोरॅक्सला (फुफ्फुसाबाहेर हवा भरण्याला) आमंत्रण, तिथे फेंटानिल टाळत नाही. सीओ-टू चढलेला असेल तर डेक्स. लांबलेलं इबस असेल आणि मी स्वतः डोक्याशी असेन तर प्रोपोफॉल-फेंटानिल.

औषध मिळतं का हाही प्रश्न आहेच. फेंटानिल एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं, २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मिळवणं सोपं व्हायला हवं होतं, तरी लहान सेंटरला रजिस्टर आणि मान्यतेच्या कटकटीमुळे ते नसतं आणि त्या जागी ट्रामाडॉल, पेंटाझोसिन नाहीतर ब्युटोरफेनॉल येतं. फेंटानिलचे आकडे या औषधांना लावू नका, चढायला लागणारा वेळ वेगळा, उतरायला लागणारा वेगळा. तुमच्याकडे जे आहे त्याचं स्वतःचं पान ठेवा.

रिकव्हरीतही तुलना चालूच असते. फ्लुमाझेनिल वापरावं लागलं तर पेशंट जागा झाला म्हणून घरी सोडू नका, त्याचा परिणाम मिडाझोलामच्या आधी उतरतो आणि पेशंट परत झोपू शकतो, कमीत कमी दोन तास नजरेसमोर ठेवा. घसा बधिर असेपर्यंत पाणीसुद्धा नाही, सोबत माणूस हवं, २४ तास गाडी चालवायची नाही, कागदपत्रांवर सही नाही. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून एकच विचारा, परत करायची वेळ आली तर तयार आहात का, आणि जे उत्तर येईल ते त्याच पानावर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.